‘पाहिजे’चं इंग्रजी करताना: मस्ट, हॅव टू, शुड आणि बाकीचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मस्ट, हॅव टू, शुड, नीड टू या सगळ्यांचं मराठी शेवटी “पाहिजे”च होतं. मस्ट म्हणजे सक्ती आणि शुड म्हणजे सल्ला, एवढं मी शिकलो होतो. “फाइल आज यायला पाहिजे” असं सांगायचं होतं म्हणून वरिष्ठांना मी “यू मस्ट सेंड द फाइल टुडे” असं लिहिलं आणि ते दुखावले. वाक्यात चूक काय होती? आणि कुठे काय वापरायचं हे ठरवायचं कसं?’

वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं असणार. मोडकंतोडकं इंग्रजी लोक समजून घेतात, पण बिनचूक वाक्यातून आलेला हुकूम हुकूमच वाटतो. भाषांतर करताना आणि शिकवताना हा घोटाळा मी चोवीस वर्षं पाहते आहे. त्यावर सक्ती-सल्ला अशी पट्टी लावून उपयोग होत नाही असं माझं ठाम मत आहे. सक्ती किती जोराची, हा दुसरा प्रश्न. आधी विचारायचं ते हे की ती आली कुठून. बोलणारा स्वतः घालतोय, की नियम, वेळापत्रक, परिस्थिती घालते आहे आणि बोलणारा फक्त सांगतोय?

मस्टमध्ये बोलणारा स्वतः उभा असतो. ‘यू मस्ट सेंड द फाइल’ याचा अर्थ ‘फाइल पाठवा, मी सांगतोय’. तसं सांगायचा अधिकार आपल्याला आहे, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. तुमच्या वरिष्ठांना फाइल खटकली नाही, ते गृहीत धरणं खटकलं. हॅव टूमध्ये बोलणारा बाजूला होतो आणि बंधन बाहेरून आलेलं असतं. ‘यू हॅव टू साइन बोथ कॉपीज’ म्हणजे दोन्ही प्रतींवर सही करावी लागते, तशी पद्धत आहे, मी फक्त सांगतोय.

आता मराठीकडे बघा, कारण हा फरक मराठीत आहे आणि तुम्ही तो रोज पाळता. ‘मला जावं लागतं’ आणि ‘मी जायला हवं’ ही वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात ‘मला’च्या जागी ‘मी’ घालून पाहा. ‘मी जावं लागतं’ असं कुणी म्हणत नाही. लागणं माणसावर बाहेरून येऊन पडतं, जसं ऊन लागतं, ठेच लागते, तसं जावं लागतं. म्हणून माणूस ‘मला’ होतो. ‘हवं’ आणि ‘पाहिजे’ बरोबर मात्र ‘मी’ही चालतो, ‘मला’ही चालतो: मी गेलं पाहिजे, मला गेलं पाहिजे. माझ्या कानाला ‘मी गेलं पाहिजे’मध्ये कर्तव्याची, स्वतःच्या मनाने घेतलेली जाणीव ऐकू येते. ‘मला’ म्हटलं की परिस्थिती थोडी आत शिरते. इंग्रजीत ही सोय नाही. ‘आय’ सगळीकडे ‘आय’च राहतो, त्यामुळे भार कुठून आला हे सांगायचं काम एकट्या क्रियापदावर पडतं.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की ‘पाहिजे’चं थेट इंग्रजी करू नका. आधी ‘पाहिजे’ मराठीतच फोडा. तुमच्या मनातलं वाक्य ‘लागतं’ने म्हणता येतं का? ‘लागतं’ बसलं की जवळजवळ डोळे मिटून हॅव टू लिहा. ‘हवं’, ‘-वं’ किंवा ‘केलेलं चांगलं’ बसलं तर शुडकडे जा. ‘केलंच पाहिजे’मधल्या ‘च’शिवाय वाक्य पुरं होत नसेल आणि तो ‘च’ तुमचा स्वतःचा असेल, तरच मस्ट. माझ्या अनुभवात रोजच्या बोलण्यात तो ‘च’ फार कमी वेळा लागतो.

ही विभागणी दगडावरची रेघ नाही. अमेरिकी बोलण्यात मस्टची बरीच कामं हॅव टू करतो, स्वतःने घातलेल्या बंधनाचीसुद्धा. ब्रिटनमध्ये ‘आय हॅव गॉट टू गो’ सर्रास ऐकू येतं, आणि बोलताना त्याचं ‘आय’व्ह गॉटा गो’ होतं. मस्टचा एकूण वापरच ओसरत चालला आहे. १९६१ साली छापलेल्या ब्रिटिश मजकुराचे नमुने गोळा करून सुमारे दहा लाख शब्दांचा एक संग्रह केलेला आहे, आणि १९९१ च्या मजकुराचा तसाच दुसरा. जेफ्री लीच या भाषावैज्ञानिकाने दोन्हींची तुलना केली तेव्हा तीस वर्षांत मस्ट चांगलाच घटलेला दिसला. तेव्हा शंका असेल तिथे हॅव टू घेणाऱ्याचं सहसा काही बिघडत नाही. मस्ट घेणाऱ्याचं बिघडू शकतं.

हॅव टूच्या उच्चाराबद्दल इथेच सांगते, कारण ऐकताना तो अनेकांच्या हातून निसटतो. बंधनाचा हॅव टू बोलताना ‘हॅफ्टू’ होतो, हॅज टू ‘हॅस्टू’ होतो. ‘माझ्याकडे दोन अहवाल आहेत’ या अर्थाच्या ‘आय हॅव टू रिपोर्ट्स’मध्ये ‘व्ह’ स्पष्ट असतो. ‘मला कळवावं लागतं’ या अर्थाच्या ‘आय हॅव टू रिपोर्ट’मध्ये त्याचा ‘फ’ झालेला असतो. चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून पाहा. एकदा कान तयार झाला की फोनवरसुद्धा चुकत नाही.

मस्टला भूतकाळ का नाही, हेही बरेच जण विचारतात. त्याचं मूळ जुन्या इंग्रजीत आहे. मस्ट हे मुळात एका क्रियापदाचं भूतकाळी रूप होतं, आणि त्या क्रियापदाचा अर्थ ‘परवानगी असणे’ असा होता. पुढे ते रूप वर्तमानात वापरलं जाऊ लागलं, अर्थ परवानगीकडून सक्तीकडे सरकला आणि त्याला स्वतःचा भूतकाळ उरला नाही. शुड हेही शॅलचं भूतकाळी रूप, आणि शॅलचा मूळ अर्थ ‘देणं लागणे’. ऑट हे ‘ओ’ (ऋणी असणे) या क्रियापदाचं जुनं भूतकाळी रूप, म्हणजे पुन्हा ऋणाचाच अर्थ. कर्तव्याला ऋण समजणं आपल्यालाही परकं नाही. ‘मी तुझं काही देणं लागत नाही’ या वाक्यात आपणही पैशांपेक्षा कर्तव्याबद्दलच बोलत असतो. आणि आपलं ‘पाहिजे’ हेसुद्धा ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप आहे, म्हणून तेही इतर क्रियापदांसारखं सगळ्या काळांत चालत नाही आणि ‘पाहिजे होतं’ असा टेकू घेतं. मस्टला असा टेकूही मिळत नाही. भूतकाळात त्याच्या जागी हॅड टू येतो, भविष्यात विल हॅव टू, शक्यतेत माइट हॅव टू.

आता नकार. सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते, म्हणून जरा सावकाश सांगते.

होकारात मस्ट आणि हॅव टू शेजारी राहतात. नकार आला की दोघं विरुद्ध टोकांना जातात. ‘यू मस्ट नॉट ओपन इट’ म्हणजे न उघडण्याचं बंधन आहे, उघडायचं नाही. ‘यू डोन्ट हॅव टू ओपन इट’ म्हणजे उघडण्याचं बंधन नाही, उघडा किंवा नका उघडू. एकात नकार कृतीला लागतो, दुसऱ्यात बंधनाला.

मराठी माणूस इथे अडखळतो त्याला सबळ कारण आहे. आपल्या ‘-यला नको’मध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘उद्या सुट्टी आहे, लवकर उठायला नको’ हा सुटकेचा निःश्वास आहे, गरज नाही एवढंच. ‘इतक्या रात्री एकटीने जायला नको’ ही मनाई आहे. रूप तेच, आणि अर्थ आपण संदर्भावरून इतक्या सहज लावतो की तो लावतोय हेच लक्षात येत नाही.

मी स्वतः यात फसले आहे. कामाला सुरुवात करून दोनेक वर्षं झाली असतील. एका यंत्राच्या देखभालीची मराठी माहितीपुस्तिका इंग्रजीत करायला आली होती. त्यात एक ओळ होती: ‘जाळी धुताना मागचा व्हॉल्व्ह बंद करायला नको.’ मी लिहिलं, ‘द रिअर व्हॉल्व्ह मस्ट नॉट बी क्लोज्ड’. मजकूर तपासणाऱ्या इंजिनिअरने समासात खूण करून विचारलं, ‘बंद केला तर नेमकं काय होतं? धोका असेल तर इथे इशाऱ्याचं चिन्ह टाकावं लागेल.’ मला उत्तर देता येईना. मूळ मजकूर लिहिणाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘काही होत नाही हो. जुन्या यंत्रात बंद करावा लागायचा, यात लागत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलंय.’ त्यांच्या तोंडून ‘लागत नाही’ आलं आणि माझी चूक कळली. ओळ ‘नीड नॉट बी क्लोज्ड’ अशी बदलली. सूचनापुस्तिकेतलं ते एक वाक्य मी नेमकं उलटं लिहिलं होतं, आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नव्हती.

तेव्हापासून ‘नको’ दिसलं की मी थांबते आणि त्याच्या जागी दोन गोष्टी घालून पाहते. ‘केलं तरी चालेल’ जोडता आलं तर डोन्ट हॅव टू, डोन्ट नीड टू किंवा नीडन्ट. जोडता आलं नाही तर मस्ट नॉट, किंवा साध्या बोलण्यात शुडन्ट आणि कान्ट. ‘यू कान्ट पार्क हिअर’ हे बोलताना ‘यू मस्ट नॉट पार्क हिअर’पेक्षा कितीतरी स्वाभाविक वाटतं. आणखी एक लहानशी गोष्ट. मस्ट नॉटच्या जोडरूपात मधला ‘ट’ उच्चारत नाहीत, ‘मसन्ट’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो वेगळाच शब्द वाटतो.

भूतकाळात मराठी उलट मदतीला येते. ‘मला जावं लागलं’ म्हटलं की मी गेले, हे नक्की. ‘मी जायला हवं होतं’ म्हटलं की मी गेले नाही, हेही नक्की. इंग्रजीतही अगदी हेच आहे: ‘आय हॅड टू गो’, गेले. ‘आय शुड हॅव गॉन’, गेले नाही आणि आता वाईट वाटतंय. इतकी सरळ जोडी असूनही ‘जावं लागलं’साठी ‘आय मस्ट हॅव गॉन’ लिहिलेलं मी शेकडो वेळा दुरुस्त केलं आहे. मस्टला हॅव जोडून भूतकाळ होईल असा तो हिशोब असतो. पण ‘शी मस्ट हॅव गॉन’चा अर्थ ‘ती गेली असणार’ असा होतो. तो अंदाज आहे, त्यात बंधन उरत नाही. हा अंदाजाचा अर्थ आपल्या ‘पाहिजे’तही आहे, ‘तो घरी असला पाहिजे’ म्हणतो ना आपण, त्यामुळे ‘ही मस्ट बी ॲट होम’ पटकन समजतं. त्याचा नकार मात्र मस्ट नॉटने करू नका. ‘तो घरी असणं शक्य नाही’ याला ‘ही कान्ट बी ॲट होम’ म्हणतात.

भूतकाळातला आणखी एक बारकावा ज्यांना आवडेल त्यांच्यासाठी: ‘आय डिडन्ट नीड टू कुक’ म्हणजे स्वयंपाक करावा लागला नाही, आणि बहुतेक केलाही नाही. ‘आय नीडन्ट हॅव कुक्ड’ म्हणजे केला, आणि मग कळलं की करायची गरज नव्हती. मराठीत आपण या दुसऱ्या वाक्यासाठी ‘उगीच केला’ म्हणतो. तो ‘उगीच’ इंग्रजीने क्रियापदातच बसवला आहे.

नीड टूबद्दल थोडं. हल्ली सूचना देताना तो फार वापरतात, कारण त्यात भार ऐकणाऱ्याच्या गरजेचा असल्यासारखा मांडला जातो. ‘यू नीड टू साइन हिअर’ असं खिडकीपलीकडचा माणूस म्हणतो तेव्हा सही त्याला हवी असते, पण तुमचं काम पुढे सरकायला ती लागते, असा सूर असतो. म्हणून तो मस्टपेक्षा मऊ लागतो. तरीही वरिष्ठांना ‘यू नीड टू’ लिहू नका. तिथेही ‘तुम्ही’वर बोट रोखलेलं असतंच.

शुड आणि ऑट टू यांत रोजच्या वापरापुरता फरक करत बसू नका. ऑटनंतर ‘टू’ येतो आणि तो आता जरा जुना वाटतो, इतकं पुरे.

‘सपोज्ड टू’ मात्र शिकाच, कारण तो आला की बोलणं एकदम जिवंत होतं. ‘आय ॲम सपोज्ड टू बी देअर ॲट टेन’ म्हणजे दहाला पोचायचं ठरलं आहे, माझ्याकडून तशी अपेक्षा आहे. पण ठरलंय तसं होईलच असा भरवसा त्यात नसतो, बऱ्याचदा होणार नाही याची चाहूलच असते. भूतकाळात ती चाहूल पक्की होते. ‘ही वॉज सपोज्ड टू कॉल’ म्हणजे तो फोन करणार होता आणि त्याने केला नाही. मराठीत हे काम ‘करणार होता’ किंवा ‘करायचं ठरलं होतं’ करतं. आपल्याला तिथे पाहिजे-लागणे आठवत नाही, म्हणून इंग्रजीत बोलताना सपोज्ड टूही आठवत नाही.

‘हॅड बेटर’ला आपल्याकडे सख्खा भाऊ आहे आणि वर्गात तो कुणी दाखवत नाही: ‘-लेलं बरं’. ‘वी हॅड बेटर लीव्ह’, निघालेलं बरं. बेटर म्हणजे बरं, जवळजवळ शब्दाला शब्द. दोन्हींत ‘नाहीतर’ न बोलता शेवटी लटकलेलं असतं. आता हेच एखाद्याच्या डोळ्यांत बघून म्हणा: ‘तू गप्प बसलेलं बरं.’ धाक ऐकू आला? ‘यू हॅड बेटर कीप क्वाएट’मध्येही तेवढाच धाक आहे. बेटर शब्द दिसतो म्हणून पुष्कळ जण त्याला नम्र सल्ला समजतात आणि वडीलधाऱ्यांना, ग्राहकांना ‘यू हॅड बेटर वेट’ म्हणतात. स्वतःबद्दल आणि ‘आपण’ या अर्थाने खुशाल वापरा, समोरच्याबद्दल जपून.

एक मराठी रूप मात्र इंग्रजीत नेताना दरवेळी निर्णय घ्यावा लागतो, ते म्हणजे ‘-यचं आहे’. ‘मला उद्या डॉक्टरांकडे जायचं आहे’ यात इच्छा आहे, ठरलेलं काम आहे, की नाइलाज आहे? मराठीत हे तिन्ही मोघम ठेवता येतात. इंग्रजीत ‘आय वॉन्ट टू’ लिहिलंत तर तुम्हाला डॉक्टरांकडे जायची हौस आहे असं वाटेल, म्हणून तिथे हॅव टू. सिनेमाला ‘जायचं आहे’ असेल तर ‘हॅव टू’ने सिनेमा शिक्षा होतो. नोकरीसाठीच्या मुलाखतीत ‘आय हॅव टू लर्न न्यू थिंग्ज’ म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. मनात असतं ‘मला नवं शिकायचं आहे’. समोरच्याला ऐकू येतं ‘मला शिकावं लागतंय’.

मस्ट जिथे शोभतो अशाही जागा आहेत. आग्रहात तो प्रेमळ होतो: ‘यू मस्ट कम अगेन’, पुन्हा आलंच पाहिजे. इथे हुकूम करणाऱ्याचा त्यात काही फायदा नसतो, लाभ ऐकणाऱ्याचा असतो, म्हणून तो गोड लागतो. आणि लेखी नियमांत तर मस्टशिवाय भागत नाही, कारण तिथे नियम करणाराच बोलत असतो. तांत्रिक मजकूर लिहीत असाल तर हे शब्द चवीने वापरायचे नसतात, त्यांची वजनं ठरलेली असतात. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांसाठी मार्च १९९७ मध्ये आरएफसी २११९ नावाचा छोटा दस्तऐवज आला. त्यात मस्ट म्हणजे बिनशर्त आवश्यक, शुड म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम समजून घेतले असतील तरच टाळता येईल असं, आणि मे म्हणजे ऐच्छिक, अशा व्याख्या आहेत. २०१७ मध्ये त्यात अशी स्पष्टता केली गेली की हे शब्द सगळे मोठ्या अक्षरांत असतील तरच या व्याख्या लागू होतात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या मानकांत मस्टची ही जागा शॅल घेतो. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांच्या दिवाणी कामकाजाचे नियम २००७ मध्ये सोप्या भाषेत नव्याने लिहिले तेव्हा उलट शॅल काढला गेला, कारण त्यातून कधी बंधन, कधी भविष्यकाळ, कधी नुसती परवानगी असे अर्थ निघत होते. म्हणून कुठलंही मानक लिहायला घेताना आधी त्या संस्थेच्या शब्दवापराचं पान उघडा.

आता तुमचं पत्र. तुम्हाला जे म्हणायचं होतं ते मराठीत फोडू. फाइल आज यायला पाहिजे, कारण? तुम्ही सांगितलेलं नाही, पण समजा ती तुम्हाला संध्याकाळी पाचपर्यंत पुढे पाठवावी लागणार आहे. म्हणजे ‘लागणं’ तुमच्यावर आलं आहे, वरिष्ठांवर नाही. त्यांच्याकडे फक्त विनंती आहे. मग भार जिथे आहे तिथे ठेवा आणि विनंतीला विनंतीचं क्रियापद द्या: ‘आय हॅव टू सबमिट द फाइल बाय फाइव्ह टुडे. कुड यू प्लीज सेंड इट बिफोर देन?’ पहिल्या वाक्यात ‘आय’, दुसऱ्यात ‘यू’, आणि हॅव टू फक्त ‘आय’शेजारी. आज याच रूपात पुन्हा पाठवा, आधीच्या पत्राबद्दल एका ओळीत दिलगिरी घालून.